शाळेची हजेरी आणि रोवणीतील अकरावी बाई

दरवर्षी जूनच्या अखेरीस आमच्या गोंदिया जिल्ह्यात तीन निरनिराळ्या वर्षांचा आरंभ जवळजवळ एकदमच होतो. विदर्भातील उन्हाळा कडक असल्यामुळे येथील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जून संपता संपता उघडतात, हा एक. १ जुलै रोजी रोटरी, लायन्स आदी सेवामंडळांचे नवे वर्ष लागून नवे अध्यक्ष व नवे चिटणीस कारभार हाती घेतात, हा दुसरा. आणि मृगात टाकलेले पऱ्हे वीतभर होऊन पुनर्वसू व पुष्य या नक्षत्रांत धानाची रोवणी सुरू होते, हा तिसरा. यांपैकी पहिल्या दोहोंची गाठ सर्वांच्या परिचयाची आहे. मंडळाची सभा भरते, गरजू विद्यार्थ्यांची यादी वाचली जाते, दप्तरे, वह्या, छत्र्या व क्वचित सायकली वाटल्या जातात, मुख्याध्यापक आभार मानतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते. तिसऱ्या आरंभाची या दोहोंशी गाठ कोणी घालीत नाही. आणि आमचे असे स्पष्ट मत आहे की, मुलांच्या शाळेतील हजेरीचा प्रश्न जेथे अडला आहे ते ठिकाण नेमके हेच होय. ते ठिकाण शाळेत नाही, सेवामंडळाच्या सभागृहातही नाही. ते आपल्या बांधीत आहे.

सेवामंडळांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. १९०५ साली शिकागो शहरी पॉल हॅरिस नामक वकिलाने तिघा मित्रांस बरोबर घेऊन पहिले रोटरी मंडळ काढले. सभा पाळीपाळीने एकेका सभासदाच्या कचेरीत भरे, म्हणून फिरते या अर्थाचे हे नाव पडले. १९०७ साली शहरात सार्वजनिक शौचकूप व्हावे म्हणून त्या मंडळाने खटपट केली. लोकोपयोगी कामाचा आरंभ तेथून झाला. लायन्सची मंडळे १९१७ साली त्याच शहरी निघाली. रोटरी कलकत्त्यास १९१९-२० मध्ये व मुंबईस १९२९ मध्ये आली. या मंडळांचा एक जुना दंडक आम्हांस फार आवडतो, तो म्हणजे हजेरीचा. रोटरीच्या सभासदाच्या लागोपाठ चार सभा सबळ कारणावाचून चुकल्या तर त्याचे सभासदत्व जाई. स्वतःची सभा चुकली तर ठरावीक दिवसांच्या आत दुसऱ्या गावच्या मंडळाच्या सभेस बसून ती भरून काढावी लागे. २०१६ साली हे नियम बरेच सैल करण्यात आले, तरी हजेरी मोजण्याची सवय या मंडळांच्या अंगी मुरलेली आहे. राईस मिलचे मालक, डॉक्टर, वकील, व्यापारी, ज्यांना मान वर करण्यास फुरसत नाही असे लोक, केवळ हजेरी लागते म्हणून सभेस येतात. हजेरीचे सामर्थ्य ज्यांस इतके कळले आहे त्यांनी शाळेच्या बाबतीत मात्र दप्तरे मोजावीत व हजेरी मोजू नये, हे आम्हांस चमत्कारिक वाटते.

मुलास शाळेत घालणे आणि मूल शाळेत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत आमचा जिल्हा मागे नाही. १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची साक्षरता २०११ च्या शिरगणतीत सुमारे ८५ टक्के भरली. महाराष्ट्राची सरासरी ८२ च्या आसपास होती. स्वतःस फारसे शालेय शिक्षण न मिळालेल्या मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था काढली, हा इतिहास येथील जाणत्या मंडळींस ठाऊक आहे. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा लागू झाला. पटावर ज्याचे नावच नाही असे मूल आता आमच्या खेड्यांत शोधून काढावे लागेल. दुसऱ्या गोष्टीचे तसे नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने राज्यभर तीन दिवस पटपडताळणी केली, तेव्हा पटावरील लक्षावधी मुले वर्गात आढळली नाहीत. त्यांतील पुष्कळशी नावे नुसती कागदावरची निघाली व त्यावर मोठा गदारोळ झाला. परंतु जी नावे खरी होती आणि तरीही ज्यांची जागा रिकामी होती, ती मुले त्या दिवशी कोठे होती हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

जुलैतील एखाद्या सकाळी कोणाही वाचकाने आपल्या गावच्या शाळेत डोकावून पाहावे. पाचवी ते आठवीच्या वर्गांत ज्या मुलींच्या जागा रिकाम्या दिसतील त्यांची घरे आपणांस माहीत आहेत. त्यांच्या आया त्या वेळी आपल्याच बांधीत ओणव्या होऊन रोवा लावीत असतात. घरी सहा-आठ महिन्यांचे किंवा वर्ष-दीड वर्षाचे लेकरू आहे. सासू धडधाकट असेल तर तीही रोवणीलाच गेलेली असते. अंगणवाडीत बसविण्याची सोय तीन वर्षांवरील मुलांची, व तीही दुपारपर्यंत. रोवणी तर दिवस मावळेतो चालते. मग लेकरू कोणी सांभाळावे? थोरल्या मुलीने. तिने शाळा सोडलेली नाही, तिचे नाव कोणी काढलेले नाही, तिला मारूनमुटकून घरी बसविलेलेही नाही. ती केवळ रोवणीपुरती घरी आहे.

या 'पुरती'चा हिशेब एकदा मांडून पाहू. एका घरची रोवणी आठवड्यात आटोपते, पण मजुरीने जाणारी बाई एका घरची नसते. आधी हलक्या धानाच्या बांध्या, मग भारी धानाच्या, मग तलावाखालच्या, मग नहराच्या पाण्याची वाट पाहत राहिलेल्या, अशी तिची पाळी तीन-चार आठवडे फिरत राहते. त्यांत शाळेचे २५ दिवस गेले असे धरा. पुढे दिवाळीच्या मागेपुढे कापणी, बांधणी व चुरणी. त्यांचे २० दिवस धरा. सहावी ते आठवीचे वर्ष कायद्याने २२० दिवसांचे. त्यांतून ४५ वजा जाता १७५ उरतात, म्हणजे जवळजवळ ८० टक्के हजेरी. कागदावर ही मुलगी चांगलीच ठरते. तपासणीस आलेला अधिकारी तिच्या नावाखाली रेघ ओढणार नाही. परंतु वर्षभरात सुटे सुटे बुडालेले दिवस आणि एका दमात बुडालेले २५ दिवस यांत केवढे अंतर आहे, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. हंगामभर अधूनमधून दडी मारणारा पाऊस आणि धान पोटरीवर असताना वीस दिवस अजिबात न पडलेला पाऊस, यांची पर्जन्यमापकातील बेरीज एकच येऊ शकते. पीक मात्र एक येत नाही.

शाळेतील पुष्कळशा विषयांचा पाया या पहिल्या दोन महिन्यांतच घातला जातो. ज्या मुलीची अपूर्णांकांची ओळखच चुकली तिला ऑगस्टच्या अखेरीस वर्गात आल्यावर फळ्यावरचे काही लागत नाही. ती गप्प बसते. कापणीत पुन्हा घरी राहते. आठवीनंतर दूरच्या हायस्कुलात घालण्याची वेळ आली म्हणजे घरची माणसे म्हणतात की, हिला अभ्यासाची गोडीच नाही. धानात रोवा मेला तर आपण आठ-दहा दिवसांच्या आत नांग्या भरतो. उशिरा भरलेला रोवा इतरांबरोबर पिकत नाही हे आपणांस पक्के माहीत असते. शाळेत नांग्या कोण भरतो?

हजेरीकरिता पैसा खर्च करावा हा विचार नवा नव्हे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. शेतकऱ्यांची मुले गुरे राखण्यास व शेतीच्या कामास लागतात, यास्तव त्यांस शिष्यवृत्त्या व बक्षिसे देऊन शाळेकडे ओढले पाहिजे, हेही त्यांनी सुचविले होते. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले तेव्हा मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड ठेवला. पुढे १९९२ साली महाराष्ट्र सरकारने दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींकरिता उपस्थिती भत्ता काढला; हजर दिवसास १ रुपया, आणि ७५ टक्के हजेरीची अट. हा रुपया त्यानंतर तीस वर्षे रुपयाच राहिला. कोल्हापूरच्या रुपयास धार होती, कारण त्या काळी तो मजुराची कित्येक दिवसांची कमाई होता. दुसऱ्या रुपयात बाजारात काय येते हे वाचकांनीच सांगावे. शिवाय तो चौथीपर्यंतच. म्हणजे मुलगी कडेवर लेकरू घेण्याजोगी मोठी होते न होते तोच भत्ता बंद पडतो. योजना आखणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. पण घरात मुलीचे काम कोणत्या वयात सुरू होते हे त्यांनी एखाद्या रोवणाऱ्या बाईस विचारले असते तर बरे झाले असते.

याच्या उलट एक उदाहरण तांदळाचेच आहे, म्हणून आम्हा धान पिकविणाऱ्यांस ते चटकन समजेल. १५ ऑगस्ट १९९५ रोजी शालेय पोषणाची योजना निघाली तेव्हा ८० टक्के हजेरी असलेल्या मुलास दरमहा ३ किलो तांदूळ घरी नेण्यास मिळे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हुकूम दिला की, कोरडा शिधा न देता शाळेत शिजविलेले अन्न द्यावे. आता पाचवीपर्यंतच्या मुलास रोज १०० ग्रॅम व पुढील तीन इयत्तांस १५० ग्रॅम धान्याचे जेवण मिळते. धान्य तेच, पण पहिले धान्य बाप महिन्याच्या शेवटी पिशवीत घालून नेई, आणि दुसरे मुलाने त्या दिवशी, त्या ठिकाणी स्वतः गेल्यावाचून मिळत नाही. हजेरी वाढविणारे साहाय्य आणि नुसते साहाय्य यांतील भेद हाच होय. जूनमध्ये दिलेले दप्तर १५ जुलैच्या सकाळी मुलगी कोठे आहे हे विचारीत नाही.

आता आमच्या वाचकांस न रुचणारी एक गोष्ट सांगणे भाग आहे. रिकाम्या जागांवरील काही मुली घरीही नसतात. त्या आईशेजारी बांधीतच असतात. मजूर मिळत नाहीत, पऱ्हे २५ दिवसांचे होऊन गेले आहे, रोज उशीर होईल तितके फुटवे कमी, अशा घाईत तेरा वर्षांची मुलगी पऱ्ह्यांच्या पेंढ्या उचलू लागली तर तिला परत पाठविणारे जमीनमालक थोडे. अर्धी मजुरी देऊन उपकार केल्याचे समाधान मानणारे पुष्कळ. बालकामगारांविषयीचा १९८६ चा कायदा २०१६ साली दुरुस्त झाल्यापासून चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही कामावर मजुरीने ठेवणे हा गुन्हा आहे. घरच्या शेतीत, शाळा सुटल्यावर वा सुट्टीत हातभार लावण्याची तेवढी सवलत आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. शेजारच्या मजुराची मुलगी आपल्या बांधीत उतरली तर ती 'घरची मदत' होत नाही, हे ध्यानात असावे. कायद्याच्या धाकानेच मुली शाळेत जातील असे आम्ही समजत नाही. परंतु सभेत दप्तर वाटणारा हात व शेतावर तीच अर्धी मजुरी मोजणारा हात एकच असावा, हे शोभत नाही.

कित्येक जण सुचवितात की, रोवणीत शाळेस पंधरा दिवस सुट्टीच द्यावी. शाळांचे वेळापत्रक ठरविण्याचे काम २००९ च्या कायद्याने स्थानिक स्वराज्य संस्थेकडे दिलेले आहे, तेव्हा हे अशक्य आहे असे नाही. आमचा मात्र यास विरोध आहे. इटियाडोह धरणाच्या पाण्यावरील अर्जुनी मोरगावकडच्या बांध्या, माजी मालगुजारी तलावांखालची गावे, आणि केवळ आभाळाकडे डोळे लावून बसलेली सालेकसा-देवरीची जंगलपट्टी, यांची रोवणी कधी एका आठवड्यात झाली आहे काय? सुट्टी कोणाच्या सोयीने द्यावयाची? शिवाय पावसाळा हा मजुराच्या घरची कणगी तळाला लागण्याचा काळ. नेमक्या त्याच दिवसांत शाळेतील जेवण बंद पडेल. आणि सर्वांत वाईट हे की, लेकरू थोरल्या मुलीनेच सांभाळावयाचे या रूढीवर सुट्टीच्या रूपाने सरकारी शिक्का बसेल.

आमची सूचना साधी आहे. रोवणीच्या दर दहा बायांच्या टोळीमागे एक अकरावी बाई धरावी. तिने बांधीत उतरू नये. गावातच समाजमंदिरात, ग्रामपंचायतीच्या खोलीत अथवा एखाद्या कोरड्या पडवीत बसून तिने त्या दहा जणींची लेकरे सांभाळावीत, आणि तिला इतरांइतकीच पूर्ण मजुरी मिळावी. अर्धी नव्हे. सहा-सात तान्ही मुले दिवसभर सांभाळणे हे चिखलात वाकण्याहून हलके काम आहे असे ज्यास वाटत असेल, त्याने एक दिवस ते करून पाहावे. ज्यांची कंबर आता रोवणीस साथ देत नाही अशा अनुभवी बाया प्रत्येक गावात आहेत. त्यांस हे काम मानाचेही होईल व मिळकतीचेही. तिच्या जागी कोणी चौदा वर्षांची पोर आणून बसविली तर केले ते सर्व पाण्यात गेले.

ही काही अपूर्व कल्पना नव्हे. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात अशी तरतूद करण्यात आली की, कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांस सांभाळण्याकरिता एका बाईची नेमणूक करावी व तिला मजुरी द्यावी. तलावाचा गाळ काढताना जे सरकारने मान्य केले ते त्याच तलावाखालच्या बांधीत आपणांस मान्य होण्यास हरकत कोणती?

हरकत खर्चाची निघेल, म्हणून तिचाही हिशेब देतो. एका एकराच्या रोवणीस साधारण दहा-बारा बाया लागतात, म्हणजे एकरामागे एका बाईची मजुरी वाढते. मजुरी ३०० रुपये धरली, आणि २०२५-२६ च्या हंगामाकरिता ठरलेला साधारण धानाचा क्विंटलास २,३६९ रुपये हा हमीभाव धरला, तर हा बोजा एकरी १३ किलो धानाच्या आत बसतो. उंदीर व रानडुकरे याहून पुष्कळ अधिक नेतात, आणि त्यांच्याविषयी आपण कोणत्याही सभेत ठराव मांडीत नाही. यातील अर्धी मजुरी सेवामंडळाने उचलली तर बोजा साडेसहा किलोंवर येतो. मंडळाच्या बाजूने पाहता, एका बऱ्या दप्तराच्या किमतीत एका बाईचा निदान एक दिवस निघतो, आणि त्या एका दिवसात तीन-चार मुली वर्गात बसतात. शिवाय जमीनमालकाचा एक उघड लाभ आहे. ज्या बाईचा जीव घरच्या लेकराकडे लागलेला नाही ती दिवसभर एका लयीत रोवणी करते. आज ज्या तान्ह्या मुलांच्या आया घरीच अडकून पडल्या आहेत त्यांतील काही कामास येऊ शकतात, व मजूर मिळत नाहीत ही आपली ओरड तेवढी कमी होते. यंत्राने रोवणी करणे सर्वत्र आले म्हणजे हा प्रश्नच राहणार नाही असे म्हणणाऱ्यांस आम्ही एवढेच विचारतो की, त्या बायांची मजुरी बुडाल्यावर त्यांच्या मुलींच्या वह्यांचे पैसे कोठून यावेत? पण तो निराळा विषय आहे.

अडचणी नाहीत असे नव्हे. तान्ह्या मुलास आईचे दूध लागते. तेव्हा सांभाळण्याची जागा बांधीपासून फार दूर नसावी, आणि सकाळी व दुपारी आईस जाऊन येण्याची मोकळीक द्यावी, तिचे पैसे कापू नयेत. जागा कोरडी असावी, पिण्याचे पाणी उकळलेले असावे, मच्छरदाण्या असाव्यात. आमच्या जंगलपट्टीतील हिवतापाविषयी अधिक लिहावयास नको. आज दहा वर्षांची मुलगी एकटी घरी दोन लेकरे घेऊन बसते, भिंतीला ओल आलेली, मागे बोडी भरलेली, कुडात साप. ही व्यवस्था कोणास सुरक्षित वाटत असेल तर आमचे म्हणणे संपले.

सेवामंडळांत डॉक्टर बरेच असतात. त्यांनी या ठिकाणी आठवड्यातून एकदा फेरी मारावी. त्यांच्या ध्यानात आणून देण्याजोगी एक गोष्ट अशी की, २०१५ पासून जंतनाशक गोळ्या देण्याचा राष्ट्रीय दिवस पाळला जातो. त्याची एक तारीख १० फेब्रुवारी व दुसरी १० ऑगस्ट. ही दुसरी तारीख लांबलेल्या रोवणीच्या ऐन भरात येते. अनवाणी चिखलात वावरणाऱ्या पायांतून अंकुशकृमी शिरतो व रक्त शोषतो. म्हणजे ज्या मुलीस ती गोळी सर्वांत अधिक हवी तीच त्या दिवशी शाळेत नसते. केनियात शाळांतून अशा गोळ्या दिल्यावर गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. आमच्या भागात सिकलसेलचे रुग्णही पुष्कळ. अंगदुखीच्या कळांनी घरी राहणाऱ्या मुलास 'शाळाचोर' म्हणण्यापूर्वी त्याचे रक्त तपासून घ्यावे.

सायकलींविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण मंडळांचा ओढा तिकडे असतो व तो योग्यच आहे. बिहारात २००६ साली नववीच्या मुलींस सायकली देण्याची योजना निघाली. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा नववीत जाणाऱ्या मुलींची संख्या सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि हायस्कूल तीन किलोमीटरांहून दूर असलेल्या गावांत हा गुण विशेष आला. आफ्रिकेतील झांबिया देशात मुलींस सायकली दिल्यावर गैरहजेरी २७ टक्क्यांनी कमी झाली. मात्र तेथे सायकलीबरोबर गावात समिती नेमली होती, दुरुस्ती करणारा माणूस शिकवून तयार केला होता आणि सुटे भाग मिळण्याची सोय केली होती. आमच्याकडे मानव विकास कार्यक्रमातून मुलींस सायकली मिळाल्या, निळ्या बसगाड्याही आल्या. त्यांचा उपयोग झाला हे कोणीही मान्य करील. पण साखळी तुटलेली सायकल गोठ्यात टेकून ठेवलेली पाहण्यास आमच्या गावांत फार हिंडावे लागत नाही. आणि बसवरच सर्व भिस्त ठेवली तर काय होते ते २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या एस. टी.च्या संपात दिसले. तेव्हा मंडळाने दहा सायकली द्यावयाच्या असतील तर आठ द्याव्यात, व उरलेल्या पैशांत तालुक्याच्या गावच्या एखाद्या सायकलवाल्यास महिन्यातून एकदा शाळेच्या आवारात पंप, पंक्चरचे सामान व साखळ्या घेऊन बसवावे. याचे छायाचित्र चांगले येत नाही, हे खरे.

राहिला प्रश्न नांग्या भरण्याचा. एवढे करूनही काही मुलींचे दहा-पंधरा दिवस जाणारच. त्यांच्याकरिता पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत रोज एक तास गणिताचा व वाचनाचा निराळा वर्ग चालवावा. निवृत्त शिक्षक खेडोपाडी आहेत. त्यांस मंडळाने मानधन द्यावे. रोटरीचा सभासद जशी चुकलेली सभा दुसरीकडे बसून भरून काढी, तशी ही चुकलेली शाळा भरून काढण्याची जागा होईल.

मंडळांच्या चिटणिसांस आमची विनंती एवढीच की, जुलै ते डिसेंबरच्या प्रत्येक सभेत, आपली हजेरी नोंदवून झाल्यावर, दत्तक घेतलेल्या शाळेचा एक कागद वाचावा. त्यात नावे नकोत, सरासरीही नको. कोणत्या वर्गात किती मुले लागोपाठ पाचांहून अधिक दिवस आली नाहीत, एवढा एकच आकडा असावा. मुख्याध्यापकास तो काढण्यास पाव तास लागेल. आकडा वाढला तर पुढल्या सभेच्या आत दोघा सभासदांनी त्या गावी जाऊन यावे. हार-तुरे नेऊ नयेत.

आणि आपल्या संघाच्या सभासदांनी मृग लागण्यापूर्वीच आपापल्या गावी एक यादी करावी. आपल्या बांधीत रोवणीस येणाऱ्या टोळ्यांतील कोणत्या बायांस तीन वर्षांखालील मूल आहे, ते तिच्यात लिहावे. टोळीप्रमुख बाई ही माहिती उभ्या उभ्या सांगेल. त्यावरून अकरावी बाई किती ठिकाणी लागेल, जागा कोणती घ्यावी व अर्धी मजुरी कोण देणार हे ठरवून यादीची एक प्रत जवळच्या सेवामंडळाकडे व एक शाळेकडे पाठवावी. यादीत आणखी एक रकाना ठेवण्यास विसरू नये: गेल्या रोवणीत ते लेकरू घरी कोणी सांभाळले, तिचे नाव व इयत्ता.